प्रज्ञाचक्षू स्वरसाधक : संगीतकार रवींद्र जैन

जैन परंपरेने संगीताला केवळ मनोरंजनाचे साधन कधीच मानले नाही. जिनमंदिरातील पूजा, आरती, स्तवन आणि पदगायन यांतून स्वर हा भक्तीचाच एक मार्ग म्हणून शतकानुशतके जोपासला गेला. साधारणपणे तेराव्या शतकात पार्श्वदेवांनी ‘संगीतसमयसार’ हा ग्रंथ रचला, तर चौदाव्या शतकात वाचनाचार्य सुधाकलश यांनी ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ सिद्ध केला. भारतीय संगीतशास्त्राच्या इतिहासात या दोन्ही जैन ग्रंथकारांचे स्थान आदराचे आहे. शास्त्राची ही परंपरा ग्रंथांत राहिली. गायनाची परंपरा मात्र मंदिरांच्या सभामंडपांत, सामान्य श्रावक-श्राविकांच्या कंठात जिवंत राहिली. विसाव्या शतकात या सभामंडपातूनच एक जन्मांध बालक उठला आणि हिंदी चित्रपटसृष्टीतील अग्रगण्य संगीतकार झाला. त्याचे नाव रवींद्र जैन.

‘सौदागर’, ‘गीत गाता चल’, ‘चितचोर’, ‘अखियों के झरोखों से’, ‘नदिया के पार’, ‘राम तेरी गंगा मैली’, ‘हिना’ आणि ‘विवाह’ ही त्यांच्या कामगिरीतील केवळ काही ठळक नावे. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेमुळे तर त्यांचा आवाज देशातील घराघरांत पोहोचला. जैन समाजात त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. परंतु अभिमान बाळगणे सोपे असते; ज्याचा अभिमान बाळगावयाचा त्याचे जीवन समजून घेणे अधिक आवश्यक असते. त्या दृष्टीने या स्वरसाधकाच्या वाटचालीचा हा मागोवा.

अलिगढचे संस्कार

रवींद्र जैन यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९४४ रोजी उत्तर प्रदेशातील अलिगढ येथे झाला. वडील पंडित इंद्रमणी जैन हे संस्कृतचे विद्वान आणि आयुर्वेदाचार्य. मातोश्रींचे नाव किरण. बाळाला दृष्टी नाही हे कळल्यावर त्या माता-पित्यांच्या मनाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. त्या काळी अंध मुलाच्या वाट्याला बहुधा घराचा एक कोपरा आणि नातेवाइकांची हळहळ एवढेच येत असे. पूर्वसंचिताचे फळ म्हणून हात जोडून बसण्याची वृत्तीही समाजात कमी नव्हती. वस्तुतः कर्मसिद्धांत मनुष्याला निष्क्रिय होण्यास सांगत नाही. तो पुरुषार्थाला आवाहन करतो. पंडित इंद्रमणींनी हा पुरुषार्थ आचरणात आणला. मुलाच्या ठिकाणी काय नाही याचा शोक करीत बसण्यापेक्षा काय आहे याचा त्यांनी शोध घेतला. मुलाला सूर होता आणि विलक्षण स्मरणशक्ती होती.

त्यांनी मुलाला घरच्या घरी पंडित जी. एल. जैन, पंडित जनार्दन शर्मा आणि पंडित नाथूराम यांच्याकडून संगीताचे रीतसर शिक्षण मिळेल अशी व्यवस्था केली. शालेय शिक्षणासाठी अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या अंधशाळेचा मार्ग खुला झाला. लहान वयातच रवींद्र जिनमंदिरात भजने गाऊ लागला.

अलिगढ आणि त्याच्या परिसराला जैन पदसाहित्याचा मोठा वारसा आहे. ‘छहढाला’ या सर्वमान्य ग्रंथाचे कर्ते कविवर पंडित दौलतराम हे अलिगढजवळील सासनीचे. त्यांचे वास्तव्यही काही काळ अलिगढमध्ये होते. दौलतराम, द्यानतराय, भूधरदास या कवींची ब्रजमिश्रित हिंदीतील पदे उत्तर भारतातील मंदिरांत पिढ्यान्‌पिढ्या गायिली जातात. या पदांचे वैशिष्ट्य असे की, त्यांतील तत्त्वज्ञान गहन असूनही शब्द अत्यंत सोपे असतात आणि चाल एकदा ऐकली की कुणालाही धरता येते. सोपा शब्द, धरता येणारी चाल आणि आत दडलेला गंभीर आशय हे तीन गुण पुढे रवींद्रजींच्या चित्रपटगीतांतही पदोपदी आढळतात. त्यांची घडण कोणत्या मातीत झाली हे त्यावरून लक्षात येते.

घरात संस्कृत, मंदिरात ब्रज आणि हिंदी, तर अलिगढ शहराच्या वातावरणात उर्दू. ज्याला अक्षर दिसत नव्हते त्याच्या कानांवर बालपणापासून भाषांचे असे समृद्ध संस्कार झाले. पुढील आयुष्यात त्यांनी भजने लिहिली तशाच उर्दू गझलाही लिहिल्या, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

कोलकात्याची उमेदवारी

तरुण वयात रवींद्रजींनी कोलकाता गाठले. त्या महानगरात ते संगीताचे शिक्षक म्हणून राहिले, घरोघरी शिकवण्या केल्या, कार्यक्रम केले. रवींद्रसंगीताचा आणि बंगालच्या लोकसंगीताचा त्यांनी तेथे मनापासून अभ्यास केला. बाऊल गायकांचा मोकळा सूर, भटियालीतील नदीचा संथ प्रवाह हे सारे त्यांच्या संग्रही जमा झाले. ब्रजभूमीची भक्ती आणि बंगालची भावमयता यांचा संगम त्यांच्या संगीतात पुढे झाला, त्याची पायाभरणी या काळातली.

कोलकात्याला आणखी एका दृष्टीने महत्त्व होते. या शहराने अंध कलावंताला मान देण्याची परंपरा पूर्वीच निर्माण केली होती. बालवयात दृष्टी गमावलेले के. सी. डे यांनी न्यू थिएटर्सच्या बोलपटांतून गायक, संगीतकार आणि अभिनेता म्हणून कीर्ती मिळवली होती. मन्ना डे हे त्यांचेच पुतणे. चित्रपटसृष्टीत अंध कलावंताला स्थान नसते, या समजुतीला के. सी. डे यांनी छेद दिला होता. तरीही मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्वतंत्र संगीत दिग्दर्शक म्हणून वर्षानुवर्षे टिकून राहणे ही निराळी परीक्षा होती.

निर्माते राधेश्याम झुनझुनवाला यांनी रवींद्रजींमधील गुण हेरले आणि त्यांना मुंबईला आणले. १९७१ साली त्यांचे पहिले चित्रपटगीत मोहम्मद रफी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झाले. १९७२ मध्ये ‘काँच और हीरा’ हा त्यांचा पहिला चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटाला फारसे यश लाभले नाही. परंतु मुंबईतील जाणकारांनी या नव्या संगीतकाराची नोंद घेतली.

राजश्रीचे दालन

१९७३ हे वर्ष त्यांच्या जीवनाला वळण देणारे ठरले. ताराचंद बडजात्या यांच्या राजश्री प्रॉडक्शन्सने ‘सौदागर’ची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. याच संस्थेने १९६४ साली ‘दोस्ती’ काढला होता. एक अपंग आणि एक अंध अशा दोन मुलांच्या मैत्रीची ती कथा होती, आणि त्यातील अंध मुलगा गाणे गाऊन पोट भरीत होता. पडद्यावर अशा मुलाची कथा सांगणाऱ्या संस्थेने नऊ वर्षांनंतर प्रत्यक्षातील अंध संगीतकाराच्या हाती आपला चित्रपट दिला. करुणा कथेपुरती न ठेवता ती कामाच्या रूपाने व्यक्त करण्याचे हे उदाहरण आहे.

नरेंद्रनाथ मित्र यांच्या बंगाली कथेवर आधारलेल्या ‘सौदागर’मध्ये नूतन आणि अमिताभ बच्चन यांच्या भूमिका होत्या. खजुराच्या रसापासून गूळ करणाऱ्या माणसांची ती ग्रामीण गोष्ट. सुधेंदू रॉय यांच्या दिग्दर्शनाला रवींद्रजींनी बंगालच्या मातीचा गंध असलेले संगीत दिले आणि गीतेही स्वतःच लिहिली. कोलकात्यातील उमेदवारीचे असे चीज झाले. याच चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाच्या काळात वडिलांच्या निधनाची वार्ता आली आणि हातातील काम पूर्ण करूनच ते स्टुडिओबाहेर पडले, असे सांगितले जाते. ज्या पित्याने काम हीच साधना असे शिकविले, त्याला पुत्राने वाहिलेली ती श्रद्धांजलीच म्हटली पाहिजे.

त्यानंतर १९७४ मध्ये ‘चोर मचाये शोर’ आला आणि हा संगीतकार केवळ ग्रामीण विषयांपुरता नाही, हे सर्वांना मान्य करावे लागले. शशी कपूर यांच्यासाठी किशोर कुमार यांनी गायिलेली या चित्रपटातील गाणी देशभर गाजली. १९७६ चा ‘फकीरा’ही त्याच प्रवाहातला. तथापि, रवींद्रजींची खरी ओळख दृढ झाली ती १९७५ च्या ‘गीत गाता चल’मुळे. हिरेन नाग दिग्दर्शित या चित्रपटात मराठमोळा सचिन नायक होता आणि सारिका नायिका. जसपाल सिंह यांचा रानातल्या वाऱ्यासारखा मोकळा आवाज सचिनच्या व्यक्तिरेखेला असा शोभला की पुढे ‘नदिया के पार’पर्यंत ती जोडी टिकली. याच चित्रपटात रवींद्रजींनी तुलसीदासांच्या चौपायांना चाल दिली. बारा वर्षांनंतर ज्या कार्यामुळे त्यांचे नाव अजरामर होणार होते, त्याचे बीज असे येथे पेरले गेले.

‘चितचोर’ आणि नवे आवाज

१९७६ सालच्या ‘चितचोर’ने त्यांच्या कीर्तीवर कळस चढविला. बासू चटर्जी यांचे दिग्दर्शन, अमोल पालेकर आणि झरीना वहाब यांचा सहज अभिनय आणि त्या साधेपणाला साजेसे संगीत असा दुर्मीळ योग या चित्रपटात जुळून आला. नायक मुलीला गाणे शिकवतो असा कथेचाच धागा असल्याने रागसंगीताला भरपूर वाव होता. यमनसारखा भारदस्त राग रवींद्रजींनी इतक्या सोप्या वळणाने मांडला की ज्यांना रागाचे नावही ठाऊक नव्हते अशा श्रोत्यांनीही ते गाणे आपलेसे केले.

या चित्रपटासाठी त्यांनी केरळचे येसुदास यांचा आवाज योजिला. मातृभाषा हिंदी नसलेल्या गायकाकडून ब्रजमिश्रित शब्दांचे नेमके उच्चार करून घेणे हे परिश्रमाचे काम होते. ‘चितचोर’मधील गीतासाठी येसुदास यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच चित्रपटासाठी हेमलता यांना फिल्मफेअर पुरस्कार प्राप्त झाला. एका चित्रपटाने दोन गायकांना असे शिखरावर नेले. दृष्टी मिळाली तर सर्वप्रथम येसुदासांना पाहण्याची इच्छा आहे, असे रवींद्रजी म्हणत. आवाजावरून माणसाचे रूप मनात रेखाटणाऱ्या कलावंताची ती उत्कट इच्छा होती.

नव्या आवाजांना संधी देणे हा रवींद्रजींचा स्वभावधर्म होता. हेमलता, जसपाल सिंह, आरती मुखर्जी, चंद्राणी मुखर्जी अशा अनेकांना त्यांनी महत्त्वाची गाणी दिली. प्रस्थापितांच्या आवाजावर यश अवलंबून असलेल्या त्या काळात असे धाडस करणारे संगीतकार थोडेच होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष म्हणजे कोल्हापूरचे सुपुत्र सुरेश वाडकर यांना चित्रपटातील पहिली संधी रवींद्रजींनीच दिली. १९७६ च्या ‘सूर-सिंगार’ स्पर्धेत वाडकर विजयी ठरले. परीक्षकांत जयदेव आणि रवींद्र जैन होते. पुढच्याच वर्षी राजश्रीच्या ‘पहेली’मध्ये वाडकरांचा आवाज रसिकांना ऐकावयास मिळाला. परीक्षकाच्या आसनावर बसून गुण देणारे पुष्कळ असतात. स्वतःचे गाणे त्या गायकाच्या स्वाधीन करणारे विरळा. हाच आवाज पुढे ‘राम तेरी गंगा मैली’ आणि ‘हिना’ या रवींद्रजींच्या मोठ्या चित्रपटांतही निनादला.

न पाहिलेल्या सृष्टीचा कवी

रवींद्र जैन यांचे एक मोठेपण पुष्कळदा दुर्लक्षित राहते. ते संगीतकार होते तसेच कवीही होते. हिंदी चित्रपटसृष्टीत गीतकार आणि संगीतकार ही दोन स्वतंत्र कामे मानली जातात. चाल एकाची, शब्द दुसऱ्याचे, अशी सर्वसाधारण रीत. रवींद्रजींनी साहिर लुधियानवी, आनंद बक्षी, हसरत जयपुरी अशा मान्यवरांच्या शब्दांनाही चाली दिल्या. परंतु आपल्या बहुसंख्य गाजलेल्या गीतांचे शब्द त्यांनी स्वतःच रचले. शब्द आणि स्वर त्यांच्या मनात बरोबरच जन्म घेत. हार्मोनियमवर बोटे फिरत असताना ओळ जुळे आणि सहायक ती लिहून घेत. त्यामुळेच त्यांच्या गीतांत कोठेही शब्द ओढूनताणून चालीत बसविल्यासारखा वाटत नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १९७८ च्या ‘अखियों के झरोखों से’ या चित्रपटाचे नावच डोळ्यांच्या झरोक्याविषयी आहे, आणि त्याचे शीर्षकगीत लिहिणारा कवी जन्मांध आहे. १९७९ च्या ‘सुनयना’ची नायिका अंध आहे, तिच्या कथेलाही संगीत त्यांचेच. गावाकडची वाट, संध्याकाळी उजळणारे दिवे, नदीचे पात्र, मेघांनी भरलेले आकाश यांची चित्रे त्यांनी शब्दांत उभी केली आणि डोळस माणसांना ती खरी वाटली. स्पर्श, गंध, ध्वनी आणि इतरांच्या बोलण्यातून ऐकलेली वर्णने यांच्या आधारे त्यांनी आपले जग घडविले होते. जैन तत्त्वज्ञानात ‘दर्शन’ या शब्दाचा अर्थ केवळ डोळ्यांनी पाहणे असा नाही. सम्यक् दर्शन म्हणजे यथार्थ श्रद्धान. चर्मचक्षू असूनही जे सापडत नाही ते अंतःचक्षूला सापडू शकते, हे शास्त्रवचन पुष्कळांनी ऐकलेले असते. रवींद्रजींच्या गीतांतून त्याची प्रचिती येते.

मात्र त्यांच्या यशाला केवळ चमत्कार म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल. चमत्काराला शिकवणी लागत नाही. रवींद्रजींना गुरू लागले, वर्षांची उमेदवारी लागली, शेकडो रचना तोंडपाठ कराव्या लागल्या. कधी मेहनत फळाला आली नाही असेही घडले. येसुदासांच्या आवाजात ‘तानसेन’ या नियोजित चित्रपटासाठी त्यांनी अत्यंत अवघड अशी शास्त्रीय रचना ध्वनिमुद्रित केली. चित्रपट मात्र रसिकांसमोर आलाच नाही. ती रचना आजही जाणकार आवर्जून ऐकतात.

राज कपूर यांची निवड

१९८२ मध्ये ‘नदिया के पार’ प्रदर्शित झाला. केशवप्रसाद मिश्र यांच्या कादंबरीवर आधारलेला, गोविंद मुनीस दिग्दर्शित हा चित्रपट पूर्व उत्तर प्रदेशच्या बोलीत होता. शहरांतून पाश्चात्त्य वाद्यांचा आणि डिस्कोचा गजर सुरू असताना रवींद्रजींनी होळी, विवाह, नौका यांच्याशी निगडित लोकगीतांच्या चाली नव्याने मांडल्या आणि त्या खेड्यापाड्यांतून घरोघरी पोहोचल्या. काळाच्या प्रवाहाविरुद्ध जाऊनही लोकांच्या मनाचा ठाव घेता येतो, याचा तो वस्तुपाठ होता.

याच सुमारास राज कपूर यांनी त्यांची निवड केली. दिल्लीतील एका विवाहसमारंभात आपण राधा आणि मीरा यांच्यावरील स्वरचित गीत गायिले आणि ते ऐकून राज कपूर प्रभावित झाले, ही हकीकत रवींद्रजी स्वतः सांगत असत. शंकर-जयकिशन आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासारख्या दिग्गजांनी ज्या संस्थेसाठी संगीत दिले, त्या आर. के. फिल्म्सचे दार असे उघडले. १९८५ च्या ‘राम तेरी गंगा मैली’तील काही दृश्यांवर त्या काळी टीका झाली, तथापि त्याच्या संगीताने सर्व स्तरांतील श्रोत्यांना जिंकले. लता मंगेशकर आणि सुरेश वाडकर यांच्या स्वरांतील या गीतांमध्ये हिमालयाच्या पायथ्याचे लोकसंगीत आणि भक्तिपदाची आर्तता यांचा मेळ आहे. या चित्रपटासाठी रवींद्रजींना सर्वोत्कृष्ट संगीतकाराचा फिल्मफेअर पुरस्कार लाभला. राज कपूर यांचे १९८८ मध्ये निधन झाले. त्यांनी योजिलेला ‘हिना’ रणधीर कपूर यांनी १९९१ मध्ये पूर्ण केला, तेव्हाही संगीताची धुरा रवींद्रजींकडेच होती.

रामकथेचा स्वर

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी देशातील रस्ते ओस पडू लागले. अठ्ठ्याहत्तर भागांच्या या मालिकेचे संगीत रवींद्र जैन यांचे. चित्रपटात पाच-सहा गाण्यांत काम आटोपते. येथे प्रत्येक आठवड्याला नवा भाग, नवे प्रसंग आणि नवे पार्श्वसंगीत लागे. ज्या प्रसंगी पात्रांचे संवाद थांबत, तेथे रवींद्रजींचा धीरगंभीर आवाज चौपाई घेऊन येई आणि कथा पुढे नेई. वनवासाचे प्रस्थान, भरतभेट, सीतेचा शोक हे प्रसंग असंख्य प्रेक्षकांच्या स्मरणात त्या आवाजासह कोरले गेले आहेत. पार्श्वसंगीताचे मर्म असे की, ते ऐकू येते पण आपल्याकडे लक्ष वेधून घेत नाही. रवींद्रजींनी हे मर्म जाणले होते. मोजकी वाद्ये, सोपी चाल आणि शब्दांचा स्पष्ट उच्चार यांवर त्यांनी भर दिला.

जैन कुळात जन्मलेल्या कलावंताने रामकथा गावी, याचे काहींना नवल वाटते. वास्तविक त्यात नवल नाही. विमलसूरींचे ‘पउमचरिय’ हे महाराष्ट्री प्राकृतातील रामकाव्य, रविषेणाचार्यांचे संस्कृत ‘पद्मपुराण’ आणि स्वयंभूंचे अपभ्रंश ‘पउमचरिउ’ ही जैन परंपरेची अमूल्य लेणी आहेत. जैन परंपरेत राम म्हणजे पद्म हे त्रेसष्ट शलाकापुरुषांपैकी आठवे बलभद्र होत. नाशिक जिल्ह्यातील मांगीतुंगी सिद्धक्षेत्रावरून त्यांना निर्वाण प्राप्त झाले, अशी दिगंबर समाजाची श्रद्धा आहे. कथेचे तपशील परंपरेनुसार भिन्न आहेत. तुलसीदासांचा राम आणि विमलसूरींचा पद्म एकच नव्हेत. परंतु एकाच सत्याकडे अनेक बाजूंनी पाहता येते, हे शिकविणाऱ्या अनेकांतवादाच्या छायेत वाढलेल्या गायकाला परक्या परंपरेची चौपाई परकी वाटली नाही. स्वतःची श्रद्धा कायम राखून दुसऱ्याच्या श्रद्धेला इतक्या तन्मयतेने स्वर देणे, हे अनेकांताचे प्रात्यक्षिकच म्हणावे लागेल.

पुढे सागर यांच्या ‘श्रीकृष्णा’सह अनेक पौराणिक मालिकांना त्यांनी संगीत दिले. त्याच काळात त्यांच्या जैन भजनांच्या ध्वनिफितीही समाजात पोहोचत होत्या. तीर्थंकरांची स्तवने आणि तीर्थक्षेत्रांचा महिमा सांगणारी गीते त्यांनी लिहिली, स्वरबद्ध केली आणि स्वतः गायिली. पंचकल्याणक महोत्सवात किंवा पर्युषण पर्वाच्या सायंकाळी ती आवडीने लावली जातात.

अखेरचे पर्व

१९९० नंतर चित्रपटसंगीताचे स्वरूप पालटले. संगणकीय वाद्यमेळ आला, शब्दांचे महत्त्व उणावले. रवींद्रजींकडे येणारे चित्रपट कमी झाले, पण त्यांनी आपली वाट सोडली नाही. २००६ साली सूरज बडजात्या यांनी ‘विवाह’साठी पुन्हा त्यांनाच पाचारण केले. राजश्रीबरोबरच्या पहिल्या चित्रपटानंतर तेहतीस वर्षांनी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, त्यांनी तरुण पिढीला आपल्या साध्या चालींनी मोहून टाकले. ‘सुनहरे पल’ हे आत्मकथन आणि ‘दिल की नजर से’ हा गझलसंग्रह ही त्यांची साहित्यसंपदाही उल्लेखनीय आहे.

२०१५ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ प्रदान केली. सन्मानास विलंब झाला, अशी भावना अनेकांनी व्यक्त केली. त्याच वर्षी एका कार्यक्रमासाठी नागपूरला गेले असता त्यांची प्रकृती बिघडली. त्यांना मुंबईला हलविण्यात आले आणि ९ ऑक्टोबर २०१५ रोजी वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. कार्यक्रमाच्या वाटेवरच या गायकाने जगाचा निरोप घेतला.

२०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे देश घरात बंदिस्त झाला, तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविले. गायकाला जाऊन साडेचार वर्षे लोटली होती. भयाच्या आणि एकाकीपणाच्या त्या दिवसांत आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र बसून तो आवाज ऐकत होती. त्यांतील कित्येक मुलांनी तो प्रथमच ऐकला.

वारसा आणि कर्तव्य

रवींद्र जैन यांच्या चरित्रातून समाजाने घेण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोन विशेष विचारणीय वाटतात.

पहिली गोष्ट भजनांविषयीची. अनेक ठिकाणी जिनभजने लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालींवर रचली आणि गायिली जातात. त्यात रवींद्रजींच्या चालीही असतात. त्यांच्या बाबतीत हा प्रवास वर्तुळाकार आहे; ज्या मंदिरातून ती चाल निघाली, त्याच मंदिरात ती परतते. मात्र मूळ रचनाकाराचे नाव कोणाच्या ओठी नसते. त्यांनी खास जिनभक्तीसाठी रचलेली गीतेही पुष्कळदा नावावाचून गायिली जातात. ध्वनिफिती जीर्ण होत चालल्या आहेत. ही गीते रचनाकाराच्या नावासह संकलित होणे, त्यांची शब्दसंहिता शुद्ध स्वरूपात जतन होणे आणि पाठशाळांतील मुलांना ती शिकविली जाणे अगत्याचे आहे. दौलतराम, द्यानतराय, भूधरदास यांची पदे टिकली, कारण कोणीतरी ती वहीत उतरून घेतली आणि पदाच्या अखेरीस कवीची नाममुद्रा होती.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. अंध, मूकबधिर अथवा अन्य व्यंग असलेली मुले समाजातील अनेक घरांत आहेत. त्यांच्याविषयी करुणा वाटते, दानही दिले जाते. परंतु त्यांच्या शिक्षणासाठी वर्षानुवर्षे धीराने उभे राहणारे थोडे. पंडित इंद्रमणींनी मुलासाठी तीन-तीन गुरू शोधले. राधेश्याम झुनझुनवालांनी त्याला मुंबईस आणले. राजश्रीने त्याला काम दिले. यांपैकी कोणीही त्याच्यावर दया केली नाही. प्रत्येकाने त्याच्या गुणांवर विश्वास ठेवला. या साखळीतील एक दुवा जरी निखळला असता, तरी अलिगढच्या मंदिरातील तो सुरेल मुलगा तेथेच राहिला असता आणि त्याच्यात काय होते हे कोणाला कळलेही नसते. तसा एखादा मुलगा, तशी एखादी मुलगी आजही कोणत्या तरी सभामंडपात मागच्या रांगेत बसलेली असेल. तिचा सूर ऐकून तिच्यासाठी गुरू शोधणारे कोणी निघाले, तर या थोर कलावंताच्या स्मृतीचा तो सर्वोत्तम गौरव ठरेल.

प्रज्ञाचक्षू स्वरसाधक रवींद्र जैन यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.